खोकला नाही, म्हणून टीबी नाही?

‘खोकला नसेल आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ असेल तर टीबी असूच शकत नाही’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

जंतू श्वासावाटे फुफ्फुसात शिरतात हे खरं, पण तिथून रक्तातून किंवा लसिकेतून (शरीरभर फिरणाऱ्या पातळ द्रवातून) ते कुठेही पोहोचू शकतात. मानेतल्या गाठी हे नेहमीचं ठिकाण: आधी न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ, पुढे कधी फुटून वाहणारी. मणक्यात शिरले तर महिनोन्‌महिने पाठ दुखते आणि ‘वजन उचललं असेल’ म्हणून मलम चोळण्यात वेळ जातो. तोवर मणका खचून पायांतली ताकद जाऊ शकते. मूत्रपिंडात असेल तर लघवीत पू दिसतो, पण नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही. मेंदूच्या आवरणाचा टीबी सर्वांत घातक. आतडी, गर्भाशयाच्या नलिकाही सुटत नाहीत.

अशा वेळी थुंकीची तपासणी पुरत नाही. गाठीतलं पाणी किंवा तुकडा तपासावा लागतो. औषधं साधारण 6 महिने, हाडांच्या आणि मेंदूच्या टीबीला अधिक काळ.

आणि हो, फुफ्फुस किंवा घसा बाधित नसेल तर असा रुग्ण सहसा इतरांना लागण देत नाही. त्याचं ताट वेगळं काढायचं तर कारणच नाही.