आधी बोलू द्या, चुका नंतर सुधारता येतील

'आधी व्याकरण पक्कं करा, मग बोला' हा इंग्रजी शिकण्याबद्दलच्या एका लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. प्रौढांना इंग्रजी शिकवताना मी नेमकं उलटं पाहते. एक जण मोठा धीर करून म्हणाला, "यस्टरडे आय गो टू डॉक्टर..." तेवढ्यात शेजारचा ओरडला, "वेंट!" झालं, बोलणारा तिथेच गप्प. डॉक्टर काय म्हणाले ते त्या दिवशी कुणाला कळलंच नाही. त्याऐवजी "ओह, यू वेंट टू द डॉक्टर?" असं सहज विचारलं की योग्य रूप कानावर पडतं आणि गप्पाही चालू राहतात. 'द' (the) कुठे लावायचं, याच्या नियमांत तर मी सुरुवातीला शिरतच नाही. मराठीत, रशियनमध्ये, जपानीत असं नामाआधी लागणारं उपपदच नाही, ते ऐकून ऐकूनच अंगवळणी पडतं.

इंग्रजी स्पेलिंगचं दुखणं मात्र खरं आहे. स्वरांची अक्षरं ५ आणि स्वरध्वनी २०च्या आसपास! ओ-यू-जी-एच ही तीच अक्षरं 'थ्रू', 'टफ', 'कॉफ' आणि 'दो' (though) या शब्दांत चार तऱ्हांनी उच्चारली जातात. म्हणून नवा शब्द मी आधी चार-पाच वेळा ऐकवते, फळ्यावर नंतर लिहिते.