बेंडिक्सला ग्रीस लावणं बंद करा रे बाबांनो

डोकं फिरलंय आज. परत सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) अडकला, परत जीपखाली आडवं होऊन तो उतरवला आणि आत बघतो तर काय, बेंडिक्सच्या, म्हणजे सेल्फचा दात इंजिनात घालणाऱ्या भागाच्या आट्यांवर बोटाने थापलेलं ग्रीस. मागच्या खेपेला मेस्त्रीला तोंडावर सांगितलं होतं, दादा याला काही लावू नका, कोरडं ठेवा. "हो हो साहेब" म्हणाला आणि माझी पाठ वळल्यावर लावलंच. वर बिलात सर्व्हिसिंगचे पैसे वेगळे!

गाडी 1944 ची विलीज एमबी आहे. लष्कराच्या कागदावर ही पाव टनी ट्रक, लोक जीप म्हणतात. 1941 ते 1945 मध्ये विलीज आणि फोर्डने मिळून अशा सहा लाखांच्या वर बनवल्या आणि लढाई संपल्यावर लष्कराच्या डिस्पोजलमधून (जुन्या मालाच्या विक्रीतून) निघालेल्या कितीतरी आपल्याकडे राहिल्या, उसाच्या रानापासून निवडणुकीच्या प्रचारापर्यंत सगळीकडे पळाल्या. आमची कराडकडची, आजोबांनी घेतलेली. म्हणजे ही गाडी काही चंद्रावरून आलेली नाही, ऐंशी वर्षं इथल्याच मेस्त्रींच्या हाताखालून गेलीये, आणि तरी तिचा सेल्फ कसा चालतो हे विचारलं की समोरचा बॅटरीकडे बोट दाखवतो. कसला वैताग येतो माहितीये!

अहो यात आहे तरी काय? शाफ्टवर जाड पिळाचे आटे, त्यावर पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, मोकळं बसलेलं. पायाखालचं बटण दाबलं की मोटर एकदम गरकन फिरते, पिनियन जड असतं ते जागच्या जागी मागे रेंगाळतं, म्हणून आट्यांवरून सरकत जातं आणि फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये दात घालतं. इंजिन लागलं की रिंग पिनियनला मोटरपेक्षा जोरात फिरवते आणि ते त्याच आट्यांवरून उलटं परत फेकलं जातं. झटका सोसायला एक मोठी स्प्रिंग, बस. पिनियन ढकलायला ना सोलेनॉइड (विजेचा चुंबक) ना फोर्क. विन्सेंट बेंडिक्सची ही करामत 1914 च्या सुमारास अमेरिकेत गाड्यांवर बसायला लागली, शंभर वर्षं उलटून गेली, आणि सगळा खेळ फक्त एका गोष्टीवर चालतो, ते पिनियन आट्यांवर मोकळं सरकलं पाहिजे. आता त्या आट्यांवर ग्रीस थापलं की काय होणार सांगा. क्लच प्लेटची पूड तिथेच उडत असते, रस्त्याची धूळ असते, सगळं त्या ग्रीसला चिकटतं, काळा चिखल होतो, थंडीत तो घट्ट होतो आणि पिनियन अर्ध्यात जाऊन बसतं.

आज मी तो चिखल काडीने खरवडून काढला. आट्यांच्या खाचेत इतका घट्ट बसला होता की पहिल्यांदा काडीच मोडली. मग पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून नुसतं पिनियन आणि आटे धुतले, सगळा सेल्फ बुडवायचा नाही, आतल्या वाइंडिंगची आणि बुशची वाट लागते. पुसून कोरडं केलं, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) उभं धरलं आणि पिनियनला बोटाने टिचकी मारली तर सर्रकन फिरत खाली आलं. हेच पाहिजे! एवढंच काम आहे! फार तर पातळ तेलाचा एक थेंब, तोही पुसून घ्यायचा. यासाठी गॅरेजमध्ये दोन दिवस गाडी ठेवून "साहेब सेल्फ गेला तुमचा, दुसरा टाका" असं ऐकायचं?

आणि निदान तर कुणी करतच नाही. अडकणं दोन तऱ्हेचं असतं हो. मोटर नुसतीच घुंईऽऽ करून फिरते आणि इंजिन हलत नाही, म्हणजे पिनियन मागेच राहिलंय किंवा स्प्रिंग तुटलीये. आणि टक् असा आवाज येऊन सगळंच ठप्प, हेडलाइट लावले तर पार मंद होतात, म्हणजे पिनियन रिंगमध्ये जाऊन रुतलंय, मोटर फिरू शकत नाही आणि बॅटरी मात्र पिऊन टाकतीये. दोन्हीला उपाय वेगळे. पण आमच्याकडे दोन्हीला एकच उत्तर, बॅटरी बदला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला!

रुतलेल्या वेळी तर लोक जे करतात ते बघवत नाही. बटणावर पाय दाबून उभेच राहतात, अजून दाब अजून दाब, अरे मोटर अडकलेली असताना सगळ्यात जास्त करंट तेव्हाच ओढते, केबल तापते, मोटरमधले कार्बन ब्रश जळतात, आर्मेचर जातं! नाहीतर हातोडी. सेल्फच्या बॉडीवर हातोडी हाणली की आतले फील्ड कॉइल (तारेची वेटोळी) आणि ब्रश होल्डर हलतात याची कुणाला पर्वा नाही. इग्निशन बंद करा, टॉप गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि दोघातिघांनी गाडी मागे ढकला, थोडी पुढे, परत मागे. खट् असा आवाज येतो आणि पिनियन सुटतं. नाहीच सुटलं तर सेल्फचे बोल्ट थोडे ढिले करा, तिरका बसलेला दात मोकळा होतो. एक पैसा लागत नाही.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो तर 12 व्होल्टवाल्या सल्ल्याचा. गाडी 6 व्होल्टची. "साहेब बारा व्होल्टची बॅटरी जोडा, कसा मारतो बघा." हो, मारतो ना, पिनियन इतक्या जोरात रिंगवर आदळतं की दात उडतात आणि स्प्रिंग जाते. 6 व्होल्टला तेवढ्याच ताकदीसाठी दुप्पट करंट लागतो म्हणून केबल जाड लागते, हे साधं गणित, पण कोणीतरी कधीतरी हिला आजकालच्या कारची बारीक केबल लावून ठेवली होती. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, चॅसीपर्यंत अर्थची पट्टी लागते, तीच गायब! मोटर दमाने फिरली नाही तर पिनियन फेकलं जाणार कसं? जाड केबल, स्वच्छ टर्मिनल, अर्थची पट्टी, एवढं केलं की 6 व्होल्टवर इंजिन मस्त लागतं.

रिंगचं तर विचारूच नका. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन जागांवर थांबतं, त्यामुळे रिंगचे तिथलेच दात झिजतात, आणि झिजलेल्या दातांवर नवं पिनियनसुद्धा अडकतं. टॉर्च घेऊन फ्लायव्हील हँडलने पूर्ण फिरवून दात बघायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. शाफ्टच्या टोकाचं बुश झिजून शाफ्ट खाली लोंबलाय का हे हाताने हलवून बघायला? तेवढाही नाही. ठिणगी पडायचं टायमिंग जास्त पुढे असलं तर इंजिन उलटा झटका देतं आणि पिनियन तिथेच चावून बसतं, ते कोण बघणार?

त्यात पार्टवाले. या गाड्यांना 97 दातांची रिंग येते आणि 124 दातांचीही येते, दुसरीचे दात बारीक, पिनियन वेगळं. माझी 97 ची. हे काउंटरवर सांगितलं, जुनं पिनियन समोर ठेवलं, तरी "विलीजचंच आहे, बसतंय, घेऊन जा". नाही बसत! बसवून बघितलं असतं तर रिंगचं वाटोळं झालं असतं. परत न्यायला गेलो तर म्हणे इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही. अहो हा लोखंडाचा तुकडा आहे, यात कसलं इलेक्ट्रिक!

97 दातांच्या रिंगचं जुनं ओरिजिनल पिनियन कुणाकडे पडलं असेल तर सांगा, दातांच्या कडा गेल्या नसतील तर येऊन घेऊन जातो. आणि विकायचं असेल तर कृपा करून ग्रीस लावून देऊ नका.