काशिच काशीचा नव्हता, आणि त्याची सातवी म्हणजे सप्तमी नव्हे

रविवारी सकाळी मावशीचा फॉरवर्ड आला. वर जोडलेले हात, खाली 'प्रत्येक भारतीयाने वाचावे'. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर न उघडता पुढे गेलो असतो. पण मावशीने 34 वर्षं शाळेत संस्कृत शिकवलंय. माझ्याकडून 'रामः रामौ रामाः' घोटून घेतलं ते तिनेच. तिने हे पाठवावं याचा राग जास्त आला.

मजकूर थोडक्यात असा. क्रोएशियन भाषेचं पहिलं व्याकरण 1604 साली रोममध्ये छापलं गेलं. लेखकाचं नाव काशिच, म्हणजे मूळचा काशीचा. लॅटिनमध्ये विभक्ती सहा, पण त्याने दिल्या सात. सातवीला तो 'सेप्टिमुस' म्हणतो, म्हणजे आपली सप्तमी. जेझुइट पाद्र्यांनी गोव्यातून पाणिनी चोरून नेला, त्याचा हा पुरावा. शेवटी, क्रोएशियन लोकांची जुनी लिपीसुद्धा ब्राह्मीवरून आलेली.

आधी नावाचं उरकतो. क्रोएशियन आडनावातला 'इच' म्हणजे आपला 'चा' नव्हे. अमक्याच्या घरातला, अमक्याचा पोर, असा तो प्रत्यय आहे, पेतरवरून पेत्रिच. फॉरवर्डच्या हिशेबाने पेत्रिच पेठेतला आणि बाबिच बाबांचा ठरेल. बार्तोल काशिच 1575 साली पाग बेटावर जन्मला. हे बेट एड्रियाटिक समुद्रात आहे, मिठागरांसाठी प्रसिद्ध. तिथून काशी किती लांब हे ज्याने त्याने नकाशात बघावं.

आता सातवी. इथे मात्र जरा बसावं लागेल, कारण 'लॅटिनला सहा, मग सातवी आली कुठून' हा प्रश्न चांगला आहे. उत्तर तेवढं भिकार आहे.

काशिचच्या यादीत ओळीने नॉमिनेटिव्ह, जेनेटिव्ह, डेटिव्ह, अ‍ॅक्युझेटिव्ह, व्होकेटिव्ह (संबोधन), अ‍ॅब्लेटिव्ह (आपल्या पंचमीसारखी, 'पासून' सांगणारी) येतात. ही झाली लॅटिनची सहा. मग येते ती 'सेप्टिमुस'. तिला नावच नाही, नुसता क्रमांक. ती कशासाठी आहे? क्रोएशियनमध्ये चाकूला म्हणतात 'नोझ', आणि चाकूने कापलं म्हणायचं तर 'नोझेम'. भावाशी, भावाबरोबर म्हणायचं तर 'स ब्रातोम'. मावशी, तूच सांग, चाकूने आणि भावाशी कोणती विभक्ती? 'ने, ए, शी' फळ्यावर कोणी लिहून दिलं होतं? ही तृतीया आहे. काशिचची सातवी म्हणजे आपली तिसरी!

मग खरी सप्तमी, म्हणजे 'शहरात', 'बेटावर' हे सांगणारी, कुठे गेली? आजच्या क्रोएशियन शाळेत तिला लोकेटिव्ह म्हणून शिकवतात. काशिचच्या यादीत त्या नावाची विभक्तीच नाही. 'ग्राद' म्हणजे शहर, शहराला 'ग्रादू', शहरात 'उ ग्रादू'. रूप एकच, आधी 'उ' हा शब्द तेवढा लागला. म्हणजे जी विभक्ती चोरली असं म्हणता, नेमकी तीच चोराच्या पिशवीत नाही. शिवाय त्याचे सात भरतात ते संबोधन धरून. संस्कृतात संबोधन वेगळी विभक्ती मोजत नाहीत, ते प्रथमेतच जातं. ते वगळलं तर काशिचकडे उरतात सहा.

तर सातवी आली कुठून? भाषेतून. लॅटिनमध्ये अ‍ॅब्लेटिव्हचं एकच रूप 'पासून'ही सांगतं आणि 'ने'ही सांगतं. क्रोएशियनमध्ये ही दोन कामं दोन रूपांकडे आहेत. शहरापासून म्हणजे 'ओद ग्रादा'. ते काशिचने अ‍ॅब्लेटिव्हमध्ये टाकलं. 'नोझेम' तिथे बसेना, म्हणून एक खण वाढवला. त्या खणावरची चिठ्ठीही लॅटिनवाल्यांचीच. पहिल्या शतकात क्विंटिलियन हा रोमन वक्तृत्वशिक्षक आपल्या वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात विचारतो की लॅटिनमध्ये सातवी विभक्ती मानावी का, कारण 'भाल्याने मारलं' म्हणताना अ‍ॅब्लेटिव्हचा मूळ स्वभाव दिसत नाही. उदाहरण भाल्याचं, प्रत्यय 'ने'चा. एवढा एक उतारा वाचला असता तरी फॉरवर्ड लिहिणाऱ्याचे कष्ट वाचले असते.

काशिचची बाजू घेतोय असं मात्र नाही. लॅटिनचा साचा त्याच्या मानेवर होताच. 'ओद ग्रादा' मधलं 'ग्रादा' हे षष्ठीचंच रूप आहे. वेगळ्या अ‍ॅब्लेटिव्हची गरज नव्हती, लॅटिनमध्ये आहे म्हणून ठेवला. पण आपण हसू नये. 'स, ला, ते' द्वितीयेला आणि तेच 'स, ला, ते' चतुर्थीला, हे आपण कशासाठी पाठ केलं? संस्कृतात दोन आहेत म्हणून.

गोव्याच्या चोरीबद्दल. काशिचचं पुस्तक निघालं 1604 मध्ये. संस्कृत मनापासून शिकणारा जेझुइट रोबेर्तो दे नोबिली गोव्यात उतरला 1605 मध्ये. हाइनरिश रोथ या दुसऱ्या जेझुइटाने आग्र्यात संस्कृत व्याकरण लिहिलं ते 1660च्या आसपास, आणि तेही हस्तलिखितच राहिलं. फादर स्टीफन्सचं कोंकणीचं व्याकरण गोव्यातल्या रायतूरला छापलं 1640 मध्ये, तेसुद्धा लॅटिनच्या धर्तीवर. साचा तिकडून इकडे येत होता. आणि 'विभक्ती' म्हणजे वाटणी. लॅटिन 'कासुस' म्हणजे पडणं, क्रोएशियन 'पादेझ' (हसू नका) हाही पडण्यावरूनच. पाणिनी चोरला असता तर वाटणी चोरली असती.

लिपीचं एका ओळीत: क्रोएशियनांची ती जुनी लिपी म्हणजे ग्लागोलिती, नवव्या शतकातली, स्लाव्हांमध्ये धर्मप्रसारासाठी रचलेली. ब्राह्मीचा संबंध नाही, आणि काशिचचं पुस्तक तर रोमन अक्षरांत आहे.

आता नाइलाजाने कबूल करायच्या गोष्टी. 'सप्तम' आणि 'सेप्टिमुस' एकाच मुळातले आहेत, 'ब्रात' आणि 'भ्राता' सुद्धा. ते भाऊबंद आहेत म्हणून. कुणी कुणाचं उचललं म्हणून नाही. आणि क्रोएशियन माणूस, रोम आणि संस्कृत व्याकरण यांची एक खरी गाठ आहे. ऑस्ट्रियात जन्मलेला, क्रोएशियन कुळातला फिलिप वेझ्दिन नावाचा कार्मेलाइट या ख्रिस्ती संघातला साधू 1776 ते 1789 मलबारात राहिला आणि 1790 मध्ये त्याने रोमला 'सिद्धरूपम्' छापलं, युरोपात छापलेलं पहिलं संस्कृत व्याकरण. काशिचनंतर 186 वर्षांनी, आणि स्वतःचं नाव घालून.

हे सगळं मी मावशीला तसंच पाठवलं. फॉरवर्ड तिने अजून काढलेला नाही. फक्त विचारलंय, वेझ्दिनने रामाची रूपं कोणत्या लिपीत छापली होती.