मूल वाचायला शिकू नये म्हणून

पहिलीतलं मूल तुमच्या हाती आलंय आणि ते वाचायला लागेल अशी धास्ती वाटतेय? निश्चिंत राहा. आपली लिपी तुमच्याच बाजूने आहे, फक्त शिकवायचा क्रम मोडू नका.

आधी क ते ज्ञ तोंडपाठ. मग बाराखडी. चौतीस व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे ४०८ घरं. ती भरून होईपर्यंत गोष्टीची पुस्तकं कपाटात आणि किल्ली तुमच्या खिशात. ‘ङ’ आणि ‘ञ’चीही बाराखडी गिरवून घ्या. ‘ञू’ असलेला शब्द मुलाला जन्मात भेटणार नाही, पण हाताला वळण लागतं. कन्नड शिकणाऱ्या मुलांवरच्या सोनाली नाग यांच्या २००७च्या अभ्यासात अक्षरज्ञानाचं काम चौथीपर्यंत चालूच असल्याचं दिसलं. म्हणजे तोवर कुणी जाब विचारणार नाही.

एक पथ्य मात्र पाळा. क, म, न, र आणि काना एकाच आठवड्यात शिकवायचे नाहीत. शिकवलेत, तर शुक्रवारपर्यंत मूल कान, नाक, मका वाचेल, आणि ‘नाना, काम कर’ हे आख्खं वाक्य वाचून खुदकन हसेल. हसलं की तुमचा कारभार आटोपलाच.

‘क… म… ळ…’ असं सुटं वाचून ते थांबलं, की तिथेच शाबासकी द्या. तिन्ही अक्षरं जवळ ओढून पटकन म्हणायला लावलंत, तर त्याला तळ्यातलं फूल दिसेल. ‘कि’ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते नि कानाला नंतर ऐकू येते, हे गुपितच ठेवा. ‘र’ तर बहुरूपीच: कर्म, क्रम, राष्ट्र, दुसऱ्या. चारही सोंगं एकाच तासात उरका. आत एकच ‘र’ आहे हे फोडू नका.

मूल घरी वारली किंवा पावरी अशी आदिवासी बोली बोलतं? मग गप्पागोष्टी पूर्ण बंद. कधी न ऐकलेला शब्द कितीही बिनचूक वाचला, तरी अर्थ लागायची भीती नाही.

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या साक्षरता अभियानाने २०२१ साली तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्दांचं लक्ष्य ठेवलं, तेही अनोळखी मजकुरातले, अर्थासह. यातले ‘अनोळखी’ आणि ‘अर्थासह’ खोडा, साठ ठेवा. रोज तोच धडा, अख्खा वर्ग एका सुरात. एखादे चौकस साहेब मधल्याच शब्दावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारतील. मूल पहिल्या ओळीपासून पुटपुटत त्या बोटापर्यंत येईल. तेवढ्यात चहा मागवा.