कोकोच्या झोपण्याच्या जागेबद्दलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुम्ही सविस्तर लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंचा पाच महिन्यांचा पोमेरेनियन, कोको, रात्री स्वतःच्या गादीवर झोपावा म्हणून त्यांनी आमच्या श्वान प्रशिक्षण केंद्राचं तीन आठवड्यांचं, घरी येऊन शिकवण्याचं पॅकेज घेतलं. त्यांचं म्हणणं असं: कोको अजूनही पहाटे तीनच्या सुमारास पलंगावर चढतो. त्याला हॉलमध्ये झोपवायचं होतं, तरी आमच्या ट्रेनरने गादी बेडरूममध्येच ठेवायला लावली. दुसऱ्या एका ट्रेनरने ‘तीन रात्री क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्यात, घालून बाल्कनीत ठेवा, रडून रडून गप्प होईल’ असा उपाय सांगितला आणि तो करायला आम्ही साफ नकार दिला. म्हणून त्यांनी शेवटची भेट रद्द केली आणि आता पैसे परत मागितलेत.

बाल्कनीपासूनच सुरुवात करते, कारण त्या बाबतीत आमचं उत्तर उद्याही हेच असेल. पिल्लू आईजवळ असतं तेव्हा ते कधीच एकटं झोपलेलं नसतं. भावंडांच्या ढिगात, कुणाच्या तरी पोटावर मान टाकून झोपतं. आपल्याकडच्या 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, त्याचं एक कारण हेच आहे की तेवढा काळ त्याला आई आणि भावंडं लागतातच. त्यानंतर ते आपल्या घरी येतं आणि दिवा बंद झाल्यावर कुईकुई करतं, तेव्हा तो हट्ट नसतो. ‘तुम्ही कुठे आहात’ एवढंच ते विचारत असतं. बंद क्रेटमध्ये तीन रात्री रडल्यावर ते गप्प होतं हे खरं आहे. पण गप्प होणं म्हणजे झोपायला शिकणं नव्हे. हाक मारून कुणी येत नाही, एवढंच त्याला कळलेलं असतं. अशी काही कुत्री पुढे घरात एकटी राहिली की लाळ गाळतात, दार कुरतडतात, आवाज बसेपर्यंत भुंकतात. त्यांच्या घरचे लोक नंतर आमच्याकडे येतात, आणि ते काम झोपेच्या सवयीपेक्षा कितीतरी लांबचं आणि अवघड असतं. कायद्याचंही सांगते: 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम 11 प्रमाणे, जनावराला नीट हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा आहे.

क्रेटला माझा विरोध नाही. दार उघडं ठेवलेला, आत मऊ गोधडी घातलेला, दिवसा खाऊ देऊन ओळख करून दिलेला क्रेट पुष्कळ छोट्या कुत्र्यांना फार आवडतो. ती आपली स्वतःची खोली आहे असं ती मानतात. माझा विरोध आहे तो दार लावून रडत ठेवण्याला.

आता गादी बेडरूममध्ये का, ते. हॉलमध्ये पोचण्याचा रस्ताच बेडरूममधून जातो. पहिल्या काही रात्री गादी पलंगाला लागून असते, तुमचा हात खाली सोडला तर त्याच्या पाठीला लागेल इतकी जवळ. त्याला तुमचा वास येतो, श्वास ऐकू येतो, आणि पलंगावर चढण्याचं मोठं कारण तिथेच संपतं. तो सलग शांत झोपायला लागला की गादी हातभर सरकवायची. परत शांत झोपला की परत हातभर. मग खोलीच्या दाराशी, मग पॅसेजमध्ये, मग हॉलमध्ये. एखाद्या जागी तो अस्वस्थ झाला तर एक टप्पा मागे यायचं, त्यात काही बिघडत नाही. तीन आठवड्यांत गादी खोलीच्या दारापर्यंत आली असेल तर पाच महिन्यांच्या पिल्लासाठी ती चांगली प्रगती आहे. आमच्या ट्रेनरच्या नोंदीप्रमाणे कोकोची गादी तिथपर्यंत आलेली आहे. रिव्ह्यूमध्ये ते आलं नाही याचं मला वाईट वाटलं, कारण त्यात मेहनत तुमचीच होती.

आणि हे शिकवणं रात्री सुरू होत नाही, दिवसा होतं. दिवसा गादीवर ट्रीट टाकायची, चघळायचं खेळणं तिथेच द्यायचं, खेळून दमला की ‘जागेवर’ म्हणून तिथे न्यायचं. गादीवर स्वतःहून जाऊन बसला की लगेच शाबासकी. ज्या गादीची ओळख फक्त ‘इथे मला पलंगावरून उतरवून ठेवतात’ एवढीच आहे, तिथे कोण आनंदाने जाईल?

पहाटे तीनच्या जाग येण्याबद्दल. कुत्र्याची झोप आपल्यासारखी सलग नसते, ती तुकड्यातुकड्यांत होते. मध्ये मध्ये जाग येणारच, आणि शिकवायचं असतं ते जाग आल्यावर परत तिथेच अंगाची मुटकुळी करून झोपायला. शिवाय पाच महिन्यांच्या पोमेरेनियनचं मूत्राशय एवढंसं असतं. पिल्लू साधारण जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवलं तर तेवढे तास ते सू रोखू शकतं, असा एक ढोबळ हिशोब आहे. छोट्या जातींत तो बऱ्याचदा त्याहून कमीच भरतो. म्हणजे रात्री साडेदहाला शेवटचं बाहेर नेलं असेल तर तीन-साडेतीनला त्याला खरंच जायचं असू शकतं. तेव्हा मोठा दिवा न लावता, न बोलता, न खेळवता त्याला सूच्या जागी न्या आणि परत गादीवर आणून ठेवा. पाणी मात्र तोडू नका. रात्रीचं जेवण सात-साडेसातला उरकलं तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरं कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसलं. तुम्ही खूप प्रेमाने जाड, फरची, उंच कडांची गादी आणलीत. पण पोमेरेनियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. पुण्याच्या उन्हाळ्यात, पंखा चालू असला तरी, त्या गादीत त्याला उकडतं आणि तो उठून फिरायला लागतो. जुन्या सुती साड्यांची शिवलेली पातळ गोधडी टाका, शेजारी थोडी मोकळी फरशी राहू द्या. तुमची वापरून मऊ झालेली, न धुतलेली ओढणी त्यात ठेवलीत तर आणखी चांगलं.

तिसरं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय: ‘आजींना कधीकधी दया येते आणि त्या त्याला वर घेतात.’ आजींना दया येते ते मला मनापासून समजतं, आणि कुणीही त्यांना रागावू नये. पण कोकोच्या बाजूने बघा. दहा वेळा खाली ठेवलं आणि अकराव्यांदा वर घेतलं, की ‘चिकाटी ठेवली की जमतं’ हेच तो शिकतो. ज्याला एकदा लॉटरी लागली तो तिकीट घेणं सोडत नाही. रोज वर घेतलं जाणाऱ्या कुत्र्यापेक्षा कधीतरी वर घेतलं जाणाऱ्या कुत्र्याची सवय मोडणं जास्त कठीण असतं. आणि सगळ्यांनी एकमताने थांबवलं की आधी काही रात्री त्याचं रडणं वाढेल, कमी नाही होणार. तिथेच बहुतेक घरं हार मानतात. पण ते वाढणं म्हणजे जुना उपाय चालत नाही हे त्याला कळायला लागलंय. आजींसाठी दुसरा मार्ग आहे: त्यांनी संध्याकाळी त्याच्या गादीशेजारी खुर्ची टाकून बसावं आणि त्याला तिथेच कुरवाळावं. प्रेम तेवढंच, फक्त पलंगाऐवजी गादीवर.

त्या दुसऱ्या ट्रेनरने ‘पलंगावर झोपलं की कुत्रा स्वतःला घरचा मालक समजतो’ असंही सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. कृपा करून ते मनातून काढून टाका. पकडून एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवरून ही समजूत पसरली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी 1999 मध्ये स्पष्ट मांडलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतांशी आई-बाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंबच. कोको वर येतो तो ऊब आणि सोबत हवी म्हणून. ज्या घरांना कुत्रा पलंगावर झोपलेला चालतो, त्यांना मी कधीही चूक म्हणत नाही.

तरीही त्याला वेगळी जागा हवी हा तुमचा निर्णय मला पटतो, आणि त्याचं कारण त्याची हाडं. खाली सामान ठेवायची सोय असलेले आपले पलंग उंच असतात आणि खाली गुळगुळीत टाइल्स. छोट्या जातीची पिल्लं तिथून उडी मारताना पुढचा पाय मोडून घेतात. पोमेरेनियनमध्ये गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रासही नेहमी दिसतो. पलंगाच्या कडेला रबरी पाठ असलेली चटई आजच टाका. तो धावताना मध्येच मागचा पाय उचलून लंगडतोय असं दिसलं, किंवा रात्री वारंवार थोडी थोडी सू करतोय असं वाटलं, तर आमच्या भेटीची वाट न बघता आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखत असेल किंवा मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग असेल तर कुठल्याही ट्रेनिंगने तो झोपणार नाही.

पैशांबद्दल. झालेल्या भेटींचं शुल्क परत देता येणार नाही. त्या भेटी झाल्या आहेत आणि ट्रेनरने त्यात मन लावून काम केलंय. रद्द केलेल्या शेवटच्या भेटीचे पैसे तुम्हाला हवे असतील तर कळवा, लगेच परत करते. पण माझी विनंती आहे की ती भेट घ्या. मी स्वतः येईन. गादी दारातून पॅसेजमध्ये न्यायचा टप्पा सगळ्यात नाजूक असतो, कारण तिथून त्याला तुम्ही दिसेनासे होता. पहिल्यांदा तो आपण सगळ्यांनी मिळून करू.

सकाळची वेळ नको, रात्री साडेआठनंतरची द्या. आजी घरी असतील असा दिवस निवडा, कारण मला त्यांच्याशी बोलायचंय. तोपर्यंत गादी दारापाशी आहे तिथेच राहू द्या, पुढे सरकवू नका.

— केंद्राची संचालिका, पुणे