पतंगाचा फोटो दिवा विझवल्यावर काढा

"हा कोणता पतंग?" असं विचारत टाकलेले बहुतेक फोटो सारखेच असतात: फ्लॅशनं पांढरेफटक पडलेले पंख, मागे चकाकणारी टाइल. त्यावरून जाणकारालाही कूळ सांगता येत नाही. दोष कॅमेऱ्याचा नसतो, वेळेचा असतो. रात्री दिवा लावायचा तो पाहुणे बोलवायला. फोटो पहाटे, पतंग निवांत बसल्यावर.

दिव्यावर झेपावणं म्हणजे प्रेमबिम काही नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं की उडते कीटक पाठीची बाजू उजेडाकडे ठेवून उडतात. उजेड वरच्या आकाशातून येतो तोवर हा हिशेब जमतो. दिव्याजवळ तो चुकतो आणि बिचारे गरगरत राहतात. म्हणून तासन्‌तास दिवा जाळू नका.

अमावस्येच्या आसपासची, दमट, वारा पडलेली रात्र उत्तम. पिवळ्या बल्बपेक्षा निळसर पांढऱ्या दिव्यावर जास्त येतात, अतिनील नळीवर त्याहून जास्त. मागे पांढरी चादर टांगतात, पण तिथेच फोटो बिघडतो: कॅमेरा पांढऱ्याला फसतो आणि पतंग काळपट येतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ करा, नाहीतर सरळ राखाडी कापड वापरा. फोन अगदी नाकाशी नेऊ नका. वीतभर लांबून दुप्पट झूम, आणि फोन पंखांना समांतर. कॅमेरा असेल तर ॲपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ ८ ते एफ ११, फ्लॅशवर टिश्यू पेपर. एक फोटो वरून, एक बाजूनं, एक मिशांचा, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकांचा. कित्येक जातींत नराच्या मिशा कंगव्यासारख्या असतात. शेजारी मोजपट्टी हवीच.

पंख थरथरू लागले की घाई करा. उडण्याआधी तो स्नायू तापवतोय. फ्रिजमध्ये गार करून फोटो काढायचा सल्ला मला मुळीच पटत नाही. बाहेर काढताच अंगावर दव धरतं, बसण्याची ढबही खोटी. चिमटीत धरलं तर खवले निघतात आणि नक्षी जाते. उजाडायच्या आत चादर झुडपाशी झटका, नाहीतर पक्षी तिथेच न्याहारी उरकतात.

आणि सगळ्यात विचित्र पतंगासाठी तर दिवाही लागत नाही. भिंतीवर चिकटलेली, भोपळ्याच्या बीसारखी चपटी राखाडी पिशवी पाहिलीत? ती कचरा नव्हे. आत पतंगाची अळी असते. रेशीम, वाळू, धूळ यांचं घर पाठीवर ओढत फिरते, जळमटं आणि केस खाते. पिशवी दोन्ही टोकांना उघडी असते. तिरपा उजेड टाका, पाच मिनिटं हलू नका. डोकं कोणत्या टोकातून निघेल ते सांगता येत नाही, म्हणून फोकस मधोमध ठेवा.