चांगला कागद

पाचवीत असताना मी एक घोडा काढला होता. चित्रकलेच्या गुरुजींनी वही लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली आणि म्हणाले, "खुर्ची झकास जमलीय. आता तिच्यावर घोडा बसव." वर्ग हसला, मीही हसलो. त्यानंतर पन्नासएक वर्षं मी ब्रशला हात लावला नाही. दाढीचा सोडून.

मधली अडतीस वर्षं हिशेबखात्यात गेली. तिथे खाडाखोड म्हणजे पाप. आकडा चुकला तर गिरवायचा नाही, खोडरबराचं तर नावच नको. एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही ठोकायची. अशा माणसाने निवृत्तीनंतर जलरंगच का निवडावेत, ते मला विचारू नका. तैलरंगात चुकलं तर खरवडता येतं, वर दुसरा थर देता येतो. जलरंग पडले पारदर्शक. खालची चूक वरून स्वच्छ दिसते, अगदी लेखापरीक्षकाला दिसावी तशी. पांढरा रंगही शक्यतो वापरायचा नाही म्हणे, पांढरं हवं तिथे कागदच कोरा सोडायचा. म्हणजे ढग काढायचा असेल तर ढग सोडून बाकी सगळं काढायचं!

लेकीने हौसेने कागदाचं पॅड आणून दिलं. शंभर टक्के सुती, ३०० ग्रॅमचा, वीस कागद. "बाबा, आता मनसोक्त काढा."

मी ते पॅड मनसोक्त कपाटात ठेवलं. चांगला कागद आहे, आधी साध्यावर हात बसू दे.

साधा म्हणजे जुन्या कॅलेंडरची पाठ. ती इतकी गुळगुळीत, की रंग तिच्यावर टेकतच नाही, इकडून तिकडे पळत सुटतो. मग छपाईचा पातळ कागद घेतला. त्याला पाणी लागलं रे लागलं की लाटा उठतात आणि रंग खळग्याखळग्यांत तळी करून बसतो. समुद्र काढत असतो तर चाललं असतं, पण मी भिंत काढत होतो. आता पाहा, चित्र बिघडत होतं कागदामुळे, आणि चित्र बिघडतंय म्हणून चांगला कागद निघत नव्हता. नोकरीत अशी फाइल आली असती तर मी तिच्यावर कडक शेरा मारला असता.

लेक मग रोज एकेक थोर उदाहरण पाठवू लागली. ग्रँडमा मोझेस नावाच्या अमेरिकन आजीबाईंनी म्हणे सत्तरी संपत आल्यावर चित्रकला मनावर घेतली, संधिवातामुळे भरतकामाची सुई धरवेना म्हणून. पुढे १०१ वर्षं जगल्या. मला एवढाच अर्थ लागला, की आपल्याला अजून दहा-बारा वर्षं टाळता येईल.

तेवढ्यात माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंग अडवू लागतं. हे इतकं सावकाश होतं की आपल्याला पत्ताच लागत नाही. पट्टी निघाली, मी खिडकीतून आकाशाकडे पाहिलं आणि चाटच पडलो. उजव्या डोळ्याला आकाश नीळ घातल्यासारखं, डाव्याला जुन्या फाइलीच्या कव्हरासारखं! मोने या फ्रेंच चित्रकाराचंही १९२३ मध्ये उजव्याच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि नंतर रंगांवरून तो वैतागला होता, हे वाचून उगाच छाती फुगली. पण मूळ प्रश्न राहिलाच, की रंगवायचं कोणत्या डोळ्याने? मी डाव्याने रंगवत होतो आणि उजव्याने पस्तावत होतो.

खरा धक्का दिला रवींद्रनाथांनी. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांना रेघा जोडता जोडता त्यांचे पक्षी आणि चित्रविचित्र प्राणी होऊ लागले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा वय होतं एकोणसत्तर, आणि मागे चित्रं ठेवली दोन हजारांवर. त्या रात्री मला झोप लागली नाही. अडतीस वर्षं खाडाखोड माझ्याही हातून झालीच होती, आणि मी तिच्यावर सह्या करत बसलो होतो!

दुसऱ्या दिवशी काही केलं असेन असं वाटत असेल, तर तसं नाही. पॅड कपाटातच. तेरा महिने.

एका सकाळी पाहतो तो काय, पॅड टेलिफोनशेजारी आणि पहिल्याच कागदावर ठसठशीत बॉलपेनाने 'नळवाला' आणि खाली दहा आकडे.

"अगं, हा चांगला कागद होता!"

"अहो, इतके दिवस कोराच पडला होता. मला वाटलं, लिहायलाच ठेवलाय."

मी भयंकर चिडलो. साधारण दहा मिनिटं. मग लक्षात आलं, की पॅड आता उष्टं झालं. त्याला जपण्यात काही अर्थ उरला नव्हता.

कागद ओला केला आणि निळा सोडला. कागद नुसता पीत गेला, ना लाट ना तळं. आकाश झालं, पण त्यातून दहाही आकडे लखलखीत दिसत होते. हात सवयीने आडवी रेघ मारून सही करणार होता, तो कसाबसा आवरला. आधी 'नळवाला'च्या शिरोरेघेखाली डोंगर घातला. मग सातला एक पंख जोडला. पक्षी! नवाला शेपटी दिली, अजून एक. शून्यं दोन होती, त्यांचे दोन सूर्य केले. एक उजव्या डोळ्याचा, एक डाव्याचा.

हिने येता-येता पाहिलं. "हे पक्षी ना?"

पन्नासएक वर्षांत मी काढलेलं काही पहिल्याच फटक्यात ओळखलं गेलं होतं. मी ते चित्र बैठकीत लावून टाकलं.

गेल्या आठवड्यात न्हाणीघरातला नळ तुटला. पाणी पार पॅसेजपर्यंत. फोन कानाला, चष्मा नाकावर, पाऊल पाण्यात अशी ही चित्रासमोर उभी होती.

"अहो, हा डोंगरावरचा तिसरा पक्षी एक आहे की नऊ?"

मी दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. सांगता येईना. मग आम्ही दोघं पुन्हा पहिल्या पक्ष्यापासून सुरू झालो. माझ्या चित्रासमोर इतका वेळ कुणी उभं राहिल्याची ही पहिलीच वेळ.